चार्ल्स डार्विन : एका घरातील शंका आणि श्रद्धा

ज्याच्या नावाचा धसका पुढे अनेक धर्मोपदेशकांनी घेतला, तो चार्ल्स डार्विन तरुणपणी स्वतःच धर्मोपदेशक व्हावयास निघाला होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या स्मरणात नसते. इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील नामांकित डॉक्टर. आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर, कवी आणि सजीवांच्या परिवर्तनाविषयी धीट तर्क लढविणारे गृहस्थ. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. वडिलांनी १८२५ साली त्याला वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबरोला धाडले. परंतु भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया पाहणे त्याला सोसवेना. तेव्हा निदान पाद्री होऊन त्याने प्रतिष्ठेने संसार करावा, या हेतूने त्याची रवानगी केंब्रिजला झाली.

केंब्रिजमध्ये विल्यम पेली या धर्मपंडिताच्या ग्रंथांची त्याच्यावर मोठी छाप पडली. घड्याळ दिसले की घड्याळजी मानावाच लागतो. तद्वत डोळ्यासारखी सूक्ष्म रचना पाहिली की तिचा कर्ता परमेश्वर मानलाच पाहिजे, असा पेलीचा युक्तिवाद होता. तरुण डार्विनला तो बिनतोड वाटला. २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाजावरून तो जगप्रवासास निघाला, तेव्हाही त्याची श्रद्धा शाबूत होती. नीतीच्या प्रश्नावर तो बायबलचा आधार देई आणि जहाजावरचे काही अधिकारी त्याला हसत.

सुमारे पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १८३६ रोजी, तो परतला तो जीवाश्मांच्या आणि पशुपक्ष्यांच्या पेट्या घेऊन. गॅलापागोस द्वीपसमूहातील एकाच कुळातले पक्षी बेटाबेटांगणिक निराळे का असावेत, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. १८३८ साली माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना त्याला उत्तराची दिशा सापडली. जन्मणाऱ्या जीवांपैकी थोडेच जगतात. ज्यांच्या अंगी परिस्थितीला उपकारक असा किंचित फरक असतो ते तगतात, आणि तो फरक संततीत उतरून पिढ्यान् पिढ्या साचत जातो. या नैसर्गिक निवडीने घड्याळजीवाचून घड्याळ घडू शकत होते. पेलीचा बिनतोड युक्तिवाद त्याच्याच एका चाहत्याच्या हातून ढासळला होता.

याच सुमारास त्याचा विवाह मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी ठरला. मनातल्या शंका पत्नीपासून लपवाव्यात, असा वडिलांचा व्यवहारी सल्ला होता. डार्विनला तो पाळवला नाही. २९ जानेवारी १८३९ रोजी विवाह झाला, आणि थोड्याच दिवसांत एमाने पतीला एक पत्र लिहिले. सिद्ध झाल्यावाचून काही मानायचे नाही, या शास्त्रज्ञाच्या सवयीमुळे सिद्ध न होणाऱ्या गोष्टींकडे त्याचे दुर्लक्ष तर होणार नाही ना, अशी तिला भीती होती. मृत्यूनंतर आपण दोघे कायमचे दुरावू, या विचाराने ती व्याकूळ झाली होती. डार्विनने ते पत्र जन्मभर जपले आणि ते वाचून आपण कितीदा अश्रू ढाळले, याची नोंद त्यावर करून ठेवली.

१८४२ मध्ये हे कुटुंब केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहावयास गेले. १८४४ साली डार्विनने आपला सिद्धान्त सविस्तर लिहून काढला, पण छापला नाही. त्याऐवजी आपला अकाली मृत्यू झाल्यास हा निबंध प्रसिद्ध करावा आणि त्यासाठी ४०० पौंड खर्चावेत, अशी सूचना त्याने एमालाच लिहून ठेवली. ज्या विचाराने तिच्या श्रद्धेला धक्का पोहोचणार होता, तो विचार त्याने तिच्याच हाती विश्वासाने सोपविला होता.

१८५१ साली या घरावर आघात झाला. दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी आजारी पडली. उपचारासाठी तिला मॉल्व्हर्नला नेले होते. एमा गरोदर असल्याने घरीच राहिली. डार्विन मुलीच्या उशाशी बसून होता. २३ एप्रिल रोजी ॲनी गेली. दयाळू परमेश्वराच्या न्यायी राज्यावरचा त्याचा उरलासुरला विश्वास या मृत्यूबरोबर गेला, असे त्याचे अनेक चरित्रकार मानतात. एमाने मात्र मुलीच्या लेखनसाहित्याची पेटी जपली आणि श्रद्धाही सोडली नाही. पुढे रविवारी ती मुलांसह चर्चमध्ये जाई, तेव्हा डार्विन बाहेर फिरावयास जाई. तरीही गावचे धर्मगुरू ब्रॉडी इनेस यांच्याशी त्याची मैत्री अखंड राहिली आणि गावच्या परोपकारी मंडळाचे हिशेबही तो ठेवीत असे.

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचा तोच सिद्धान्त मांडणारा लेख टपालाने आला. १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. डार्विन तेथे नव्हता. तीनच दिवसांपूर्वी त्याचे तान्हे मूल दगावले होते. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला आणि वादळ उठले.

या ग्रंथात जाती कशा बदलतात हे सांगितले होते. पहिला जीव कोठून आला, हे सांगितलेले नव्हते. अखेरच्या वाक्यात आदिम जीवांत प्राण फुंकला गेल्याचा मोघम उल्लेख होता. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तेथे निर्मात्याचे नाव घातले. लोकमतापुढे आपण वाकलो, याची खंत त्याने १८६३ साली आपला मित्र हूकर याच्यापाशी व्यक्त केली. पण तो शब्द पुढील आवृत्त्यांतही राहिला. १८७१ साली हूकरलाच लिहिताना त्याने एक कल्पना मांडली. एखाद्या लहानशा उबदार डबक्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उष्णता, प्रकाश आणि वीज यांच्या योगाने प्रथिनासारखे द्रव्य तयार झाले असेल काय? आज तसे घडले, तर ते द्रव्य इतर जीव तत्काळ गिळून टाकतील. जीवसृष्टीपूर्वी मात्र तसा धोका नव्हता. पुराव्याअभावी त्याने ही कल्पना छापली नाही.

श्रद्धेबाबतही त्याने हाच संयम पाळला. जिवंत अळीला आतून पोखरणाऱ्या गांधीलमाशीची योजना परमेश्वराने हेतुपूर्वक केली असेल, हे त्याला पटेना. आणि हे सारे विश्व निव्वळ योगायोगाचे फळ आहे, हेही त्याचे मन घेईना. आपण नास्तिक नसून अज्ञेयवादी आहोत, असे त्याने १८७९ साली एका पत्रलेखकाला कळविले.

१९ एप्रिल १८८२ रोजी एमाच्या सान्निध्यात त्याने डाऊन येथे देह ठेवला. गावच्या दफनभूमीत विसावण्याची त्याची इच्छा बाजूस राहिली आणि २६ एप्रिल रोजी त्याचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झाले. एमा तेथे गेली नाही. अंतकाळी त्याने आपला सिद्धान्त सोडून धर्माचा आश्रय घेतल्याची कथा १९१५ साली छापून आली. त्याची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ मध्ये ती जाहीरपणे नाकारली. डार्विनच्या आत्मचरित्रातील धर्मविषयक कठोर मजकूर कुटुंबीयांनी १८८७ साली एमाच्या भावनांचा मान राखून गाळला होता. नात नोरा बार्लो हिने १९५८ मध्ये तो पुन्हा जागेवर आणला.

त्या डबक्याच्या कल्पनेचाही मागोवा पुढे घेतला गेला. जे. बी. एस. हाल्डेन याने १९२९ साली तशाच दिशेने तर्क मांडला. या शास्त्रज्ञाने आयुष्याची अखेरची वर्षे भारतात काढली आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे देह ठेवला. १९५३ साली स्टॅन्ली मिलरने साध्या वायूंच्या आणि पाण्याच्या वाफेच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळविली. तरीही निर्जीवातून पहिला जीव नेमका कसा उद्भवला, याचे पूर्ण उत्तर अद्यापि हाती आलेले नाही.

डार्विनची टिपणवही आणि एमाचे ते पत्र, दोन्ही आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. एकाने प्रश्न विचारणे सोडले नाही, दुसरीने प्रार्थना सोडली नाही. आणि त्रेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना सोडले नाही.