छडीविना शाळा घडवणारे संत डॉन बॉस्को



आपले मूल शाळेत सुरक्षित आहे ना, ही काळजी आज प्रत्येक आईवडिलांना असते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आयुष्य वेचणाऱ्या संत जॉन बॉस्को यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

१६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वस्तीत, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तोच वडील वारले. आई मार्गारेट हिने कष्टाने मुलांना वाढवले. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्यांना एक स्वप्न पडले. शिवीगाळ करणाऱ्या मुलांना ते ठोसे मारून गप्प करू पाहत होते. तेवढ्यात एका तेजस्वी पुरुषाने सांगितले, की ही मुले माराने नव्हे, तर प्रेमाने जिंकायची आहेत.

५ जून १८४१ रोजी ट्युरिन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फादर जोसेफ काफासो यांच्यासोबत ते तुरुंगात जाऊ लागले. तेथे कोवळी मुले खितपत पडलेली होती. सुटलेली मुले पुन्हा तेथेच येत, कारण बाहेर त्यांना कोणीच नव्हते. मूल वाट चुकण्यापूर्वीच त्याच्याजवळ कोणीतरी असायला हवे, हे त्यांनी ओळखले.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियामातेच्या सणाला, चर्चच्या सेवकाने बार्थोलोम्यू गरेली नावाच्या अनाथ गवंडी मुलाला मारून हाकलले. मिस्सेला सेवा करता येत नाही, एवढाच त्याचा दोष! फादरांनी त्याला परत बोलावले, विचारपूस केली आणि धर्मशिक्षण सुरू केले. मुले वाढत गेली. १८४६च्या पुनरुत्थान सणाला वाल्दोक्को येथे एका साध्या शेडमध्ये त्यांना हक्काची जागा मिळाली. पुढे तेथे वसतिगृह, शाळा व कार्यशाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या आईनेही अखेरची दहा वर्षे या मुलांसाठी दिली.

१८७७ साली त्यांनी आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती लिहून काढली. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार. मुलांना मारणे, त्रास होईल असे गुडघ्यांवर बसवणे, कान पिळणे त्यांनी वर्ज्य ठरवले. चूक दाखवायची ती शक्यतो एकांतात, चारचौघांत नव्हे. शिक्षकाने मैदानावरही मुलांमध्ये असावे, हा त्यांचा आग्रह.

यामागे खोल विचार आहे. भीतीने मूल छडी दिसेपर्यंतच शिस्त पाळते. शिवाय घाबरलेले मूल गप्प राहते. दुसरा कोणी छळत असला तरी सांगत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे, त्यालाच ते सांगते.

३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभुघरी गेले. १९३४ साली त्यांना संतपद मिळाले. आपल्या देशातही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई केली आहे. पण कायदा मुलाशेजारी येऊन बसत नाही. ते काम आपले. या आठवड्यात रोज थोडा वेळ टीव्ही बंद ठेवून मुलांना शाळेविषयी विचारू या. एखादे मूल शाळेत जायला घाबरत असेल, तर रागावण्याआधी कारण ऐकून घेऊ या. घरातली छडी तर आजच टाकून देऊ या.

संत डॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती करा.