लक्ष्मीबाई टिळक : संसार आणि ‘स्मृतिचित्रे’ची घडण

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे श्रेष्ठत्व सर्वमान्य आहे. त्याच्या साध्या, घरगुती भाषेचा गौरवही वारंवार झालेला आहे. या भाषेमागे पत्नी, माता आणि आजी म्हणून जगलेले एक दीर्घ आयुष्य उभे आहे. त्या आयुष्यातील निर्णय लक्षात घेतल्याशिवाय ग्रंथाच्या साधेपणाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाचा काच सगळ्या घराला सोसावा लागे. १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे शाळेत शिक्षण झालेले नव्हते, अक्षरओळख विवाहानंतरची. टिळक कवी, विद्वान आणि कमालीचे उदार होते, तसेच संतापी आणि लहरीही होते. न सांगता घर सोडून निघून जाणे आणि हाती आलेले दुसऱ्यास देऊन टाकणे हा त्यांचा स्वभावच होता. संसार सावरण्याचे ओझे अर्थातच पत्नीवर पडे. काही अपत्ये अकाली दगावल्याचे दुःखही या काळात त्यांच्या वाट्याला आले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि हा संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला, म्हणजे पुढील काळातील देवदत्त टिळकांना, घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातील काही काळ पंढरपुरात गेला. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी त्यांनी धर्म सोडला नाही. आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. पतीवरील निष्ठा आणि पतीच्या मताचा स्वीकार या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावरच त्यांनी सोवळे सोडले आणि १९०० साली राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या घरी बालपणी सोसलेल्या काचापासून निघालेला हा प्रवास त्यांनी स्वतःच्या गतीने पूर्ण केला.

पुढे त्यांच्या मातृत्वाची कक्षा विस्तारत गेली. अनाथ मुलांचा त्यांनी सांभाळ केला. तारा ही मानलेली मुलगी पोटच्या मुलीसारखी वाढली. अहमदनगरच्या वास्तव्यात तरुण बालकवी ठोंबरे यांनाही या घरात माया मिळाली. कोणत्या जातीच्या हातचे अन्न चालेल, याची एकेकाळी चिकित्सा करणाऱ्या गृहिणीच्या चुलीशी आता कोणीही येऊन बसू शकत होते.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. उतारवयात लक्ष्मीबाई मुलाच्या कुटुंबात राहिल्या. मधला काही काळ कराचीत गेला. टिळकांचे चरित्र लिहिण्याचा देवदत्तांचा मानस होता आणि त्यासाठी साधने म्हणून आईने आपल्या आठवणी लिहून द्याव्यात, असे ठरले. पतीच्या चरित्रासाठी सुरू झालेल्या या लेखनात पतीइतकेच पत्नीचेही आयुष्य उमटत गेले. टिळकांची थोरवी सांगताना लक्ष्मीबाईंनी त्यांचे दोष झाकले नाहीत आणि स्वतःच्या हट्टालाही हसण्यावारी नेले. या विनोदाच्या आधारे वेदना सांगितली जाते, पण तक्रार उरत नाही. ग्रंथाचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनी पुढे नेले. त्यातील बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

यानंतरची जबाबदारी कुटुंबानेच उचलली. ‘स्मृतिचित्रे’चा अपुरा राहिलेला शेवट देवदत्तांनी पुरा केला, तर नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे संपूर्ण ग्रंथाचे संपादन केले. म्हणजे पतीची आठवण पत्नीने जपली, तर तिचे शब्द मुलाने आणि नातवाने. लक्ष्मीबाईंच्या लेखनाचा विचार करताना त्यांचे गृहिणीपण हा केवळ चरित्राचा तपशील मानता येत नाही. नात्यांत राहून स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची जी सवय त्यांनी घरात कमावली, तीच ‘स्मृतिचित्रे’च्या निर्भय, निर्मळ निवेदनात उतरली आहे.