लॉइसला हवी होती स्वतःची बैठक

दारू सोडण्यासाठी चालणाऱ्या 'ए.ए.'च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांविषयी आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. नवऱ्याला तिथे कसं न्यायचं, हे बायका मला नेहमी विचारतात. स्वतः कुठे जायचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. म्हणून आज लॉइस विल्सनविषयी लिहिते आहे. ए.ए.चे संस्थापक बिल विल्सन, त्यांची ही पत्नी.

लॉइसचा जन्म ४ मार्च १८९१चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील डॉक्टर, घर खातंपितं, सहा भावंडांत ही थोरली. उन्हाळ्यात सगळं कुटुंब व्हरमाँटच्या डोंगराळ भागात राहायला जाई. तिथेच बिल भेटला. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान, शिवाय परिस्थितीने बेताचा. तरी २४ जानेवारी १९१८ला दोघांनी लग्न केलं. आणि मग तो लढाईवर गेला.

परत आला तो पिण्याची सवय घेऊनच. शेअर बाजारात त्याने पैसा मिळवला आणि घालवलाही. लॉइसचे गर्भ तीनदा नळीत राहिले आणि मूल होण्याची आशा संपली. दत्तक घेण्याचा विचारही बिलच्या दारूपायी बारगळला. पुढे तिने 'मेसीज' या मोठ्या दुकानात नोकरी धरली. दोघं तिच्या वडिलांच्या घरात राहत होती. दिवसभर ती दुकानात उभी आणि संध्याकाळी घरात नवरा कोणत्या अवस्थेत सापडेल याचा भरवसा नाही. आपल्या प्रेमाने हा सुधारेल, असं तिला सतरा वर्षं वाटत राहिलं. हे वाचताना कितीतरी ओळखीचे चेहरे माझ्यासमोर आले.

डिसेंबर १९३४मध्ये बिल शेवटचा इस्पितळात गेला आणि त्यानंतर त्याने दारूला हात लावला नाही. पण तो सुटला तो लॉइसच्या प्रेमाने नव्हे. एका जुन्या पिणाऱ्या मित्राने त्याला वाट दाखवली होती. १९३५मध्ये डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याला सांभाळायचं, यातून ए.ए. उभी राहिली.

आता लॉइसने सुखी व्हायला हवं होतं, नाही का? पण झालं भलतंच. एके दिवशी बिल तिला बैठकीला जायची घाई करू लागला, तेव्हा हातातला बूट तिने रागाने फेकला आणि त्याच्या बैठकांच्या नावाने बोटं मोडली. राग ओसरल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. दारू गेली तरी आपण चिडलेल्याच का? नवऱ्याला सांभाळणं हेच आयुष्यभराचं काम होऊन बसलं होतं आणि ते काम परक्या माणसांनी करून टाकलं, हे तिला लागलं होतं.

पुरुषांची बैठक चाले तेव्हा त्यांच्या बायका स्वयंपाकघरात थांबत. चहा-कॉफी करता करता बोलायला लागल्या, आणि तिचीच गोष्ट प्रत्येकीची निघाली. खरी बैठक तीच होती, फक्त तिला कुणी बैठक म्हणत नव्हतं. १९३९मध्ये ए.ए.चं पुस्तक निघालं. त्यातलं बायकांसाठीचं प्रकरण आपण लिहावं असं लॉइसला वाटत होतं, पण तेही बिलनेच लिहिलं, तेसुद्धा बायकांच्या तोंडून! तिला वाईट वाटलं, आणि मला विचाराल तर रास्तच वाटलं.

त्याच साली राहतं घर गेलं. दोन वर्षं दोघं याच्या-त्याच्याकडे राहिली. १९४१मध्ये न्यूयॉर्कजवळ बेडफर्ड हिल्सला स्वतःचं घर मिळालं, 'स्टेपिंग स्टोन्स'. तिथेच १९५१मध्ये, वयाच्या साठीत, तिने अॅन नावाच्या मैत्रिणीबरोबर ए.ए.कडे आलेल्या घरच्या मंडळींच्या ८७ नावा-पत्त्यांवर पत्रं पाठवली. त्यातून 'अल्-अॅनॉन' उभं राहिलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. १९५७मध्ये मुलांसाठी 'अलाटीन' आलं.

तेव्हा कोणत्या बैठकीला जायचं, हे आधी बघून घ्या. ए.ए.ची 'बंद' बैठक फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची. 'खुल्या' बैठकीला घरचेही बसू शकतात, पण तिथे विषय त्यांच्या दारूचाच असतो. तुमच्या मनातलं बोलायला अल्-अॅनॉन. फी नसते, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, नवरा पीत असला किंवा यायला तयार नसला तरी चालतं. पहिल्याच दिवशी मन रमेल असं नाही. सहा बैठका तरी करून मग ठरवा, असं तेच सांगतात. एका गटात ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती वाटली तर शेजारच्या गावचा गट बघा. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही पत्नींचा 'सहचरी' हा गट आहे.

बिल गेला तो २४ जानेवारी १९७१ला, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी. लॉइस पुढे सतरा वर्षं अल्-अॅनॉनचं काम पाहत राहिली आणि ५ ऑक्टोबर १९८८ला, सत्त्याण्णव वर्षांची होऊन गेली. 'स्टेपिंग स्टोन्स' आता स्मारक म्हणून जपलंय. माडीवर तिचं लिहिण्याचं टेबल आहे, जिथे बसून तिने आणि अॅनने अल्-अॅनॉनचं काम सुरू केलं.