एकांतीची प्रार्थना

दुकान-कचेरीच्या धामधुमीत ईश्वरचिंतनास फुरसत कोठची, असे आमचे कित्येक नागपूरकर वाचक म्हणतात. त्यांनी कै. रे. नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) चरित्र पाहावे. नागपुराहून राजनांदगावी जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला व प्रार्थना करीत जाण्यास सांगितले. टिळक वाचीत वाचीत गिरिप्रवचनापाशी आले आणि तेथेच गुंतले. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करावी, हा उपदेश त्याच प्रवचनातला. तो सोपा दिसतो खरा, पण त्याची किंमत टिळकांनी जबर दिली. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेताच घर दुभंगले; पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडून संन्यास घेतला. परंतु रान न धरता साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात जागा दिली.