सोवळ्याच्या भिंतीपलीकडे

आगगाडीने नाना जातिधर्मांची माणसे एका डब्यात बसविली. परंतु फलाटावरचे हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळेच राहिले. कुर्डुवाडीचे स्थानक त्या काळी बार्शी रोड या नावाने ओळखले जाई. पंढरीची छोटी रेल्वे व्हायची होती. यात्रेकरू येथे उतरून बैलगाडीने पुढे जात आणि हा भेदही बरोबर नेत. परक्याच्या स्पर्शाने आपले आपलेपण नाहीसे होईल, ही भीती त्यामागे होती. त्याच पंढरपुरात १८९५ नंतर लक्ष्मीबाई टिळक आप्तांच्या आश्रयाने राहून या भीतीला तोंड देत होत्या.

भीती त्यांना माहेरीच भेटली होती. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर परिसरात जन्मलेल्या या मुलीच्या घरी १८५७ च्या उठावाची छाया होती. एका वडीलधाऱ्या आप्ताला फाशी झाली आणि वडिलांच्या मनाने सोवळ्याचा आधार घेतला. साखर-मीठदेखील धुतल्याखेरीज घरात घेतले जात नसे. बाहेरच्या जगाने केलेला घाव माणूस असा आतल्या भिंती उंच करून झाकू पाहतो.

अकराव्या वर्षी लक्ष्मीबाईंचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत टिळकांची एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा नुसता मतांतराचा प्रश्न नव्हता. पती जिवंत असून संसार तुटला, पदरी लहान मुलगा, आणि पतीकडे जावे तर माहेर, सासर व जात तिन्ही सुटणार. त्यांचे भय पोकळ होते, असे कोणी म्हणू नये.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. त्यांना कोणी वादात जिंकले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भीती आधी गेली, धर्मांतर नंतर झाले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

मग त्या परक्या झाल्या काय? टिळकांनी येशूची भक्ती अभंगांत आणि कीर्तनांत आणली. १९१९ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध चौसष्ट अध्यायांची भर घालून पूर्ण केले ते या शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीने. १९३४ पासून प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी गेली. माजघरातली खेळकर, नेमकी मराठी त्यांनी कोठेही टाकून दिली नाही. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने आपलेच माणूस गमावले होते.

समाजाच्या संस्कृतीचे रक्षण कुंपणाने होते, असे मानणाऱ्यांनी हे जीवन पुन्हा वाचावे. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले, मराठीपण सुटले नाही. कारण ते पाण्याच्या घड्यात कधी नव्हतेच. फलाटावरचे वेगळे घडे केव्हाच गेले. मनातले घडे फोडण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, आणि शाळेच्या वर्गाहून त्यासाठी योग्य जागा दुसरी नाही.