कलामहर्षी बाबूराव पेंटर

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून जाताना यंत्रांचा अखंड घरघराट कानी पडतो. ओतशाळांतून बाहेर पडलेला खडबडीत भाग लेथवर चढतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत अचूक होऊन उतरतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या अंगी ही कारागिरी एका दिवसात आलेली नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, अशी वसाहत कोणाच्या स्वप्नातही नसताना, याच भूमीतील एका चित्रकाराने लेथ, कानस आणि हातोडी यांच्या साहाय्याने चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा सिद्ध केला. त्या थोर पुरुषाचे नाव बाबूराव पेंटर.

आमच्या काही विद्यार्थिमित्रांना जुन्या कॅमेऱ्यांचा छंद आहे. आजोबांच्या पेटीतील अंतरमापक कॅमेरा व त्याची दोनतीन भिंगे हाती लागली, की त्यांच्यापुढे कोडे पडते: यांतील कोणते भिंग ठेवावे, कोणते विकावे आणि कोणते देऊन त्याच्या बदल्यात दुसरे घ्यावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्याला कलेची उपासना करावयाची आहे त्याला तो जन्मभर सोडवावा लागतो. बाबूरावांनी तो कसा सोडविला हे पाहणे बोधप्रद होईल.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, धातू, हस्तिदंत, रंग यांपैकी कोणतेही माध्यम त्यांच्या हाताला परके नव्हते. बाबूरावांचे शालेय शिक्षण फार झाले नाही. कलाशाळेची पायरी न चढता घरच्या कामठ्यातच त्यांनी चित्रकलेचे व शिल्पकलेचे धडे घेतले. आतेमामेचुलत अशा नात्यांनी भरलेल्या त्या घरात आनंदराव हे त्यांचे वडील बंधूसमान गुरू होते. दोघांनी मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचा व्यवसाय आरंभिला. तो संगीत नाटकांच्या वैभवाचा काळ होता. पडद्यावरील राजवाडे, अरण्ये व मार्ग पाहून प्रेक्षक थक्क होत आणि दोघां बंधूंची कीर्ती दूरवर पसरे. मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच नाव लोकांच्या तोंडी रूढ झाले ते याच धंद्यामुळे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रसिद्ध झाला. फाळके यांनी स्वतः विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या दोन बंधूंना चित्रपटाने वेड लावले. पण विलायतेचा प्रवास वा तेथील यंत्राची किंमत त्यांच्या आवाक्यातील नव्हती. चित्रपट दाखविण्याचे यंत्र मात्र त्यांच्या पाहण्यात होते. ते बारकाईने न्याहाळता आनंदरावांच्या ध्यानी आले, की दाखविण्याचे यंत्र आणि टिपण्याचे यंत्र ही एकाच कुळातील भावंडे आहेत. एकात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. मग कॅमेरा घरीच का करू नये? त्यांनी खटपट सुरू केली. परंतु दैवाला ते मान्य नव्हते. १९१६ साली आनंदराव कालवश झाले आणि यंत्र अपुरे राहिले.

येथे बाबूरावांच्या आयुष्यातील पहिली कठीण निवड आली. पडद्यांचा धंदा हातचा होता, त्यावर पोट भरत होते व लौकिकही होता. अपुऱ्या यंत्राचे तुकडे मोडीत घालून निश्चिंत होणे सहज शक्य होते. बाबूरावांनी तसे केले नाही. त्यांनी ते तुकडे ठेवून घेतले आणि विष्णुपंत दामले या आपल्या हुशार शिष्यास बरोबर घेऊन पुन्हा कामास हात घातला.

हे काम किती अवघड होते याची कल्पना वाचकांस यावी म्हणून थोडे विवेचन करणे आवश्यक आहे. साध्या कॅमेऱ्यात एक चित्र घेतले की काम संपते. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात दर सेकंदास सुमारे सोळा चित्रे घ्यावी लागत. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात बरोबर सोळा चित्रे मावतात. म्हणजे हाताने दांडा फिरवीत सेकंदास एक फूट फीत सरकवावयाची. पण तीही सलग नव्हे. नखासारखा एक आकडा फितीच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला एका चित्रापुरती खाली ओढतो, मग फीत क्षणभर निश्चल राहते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि आकडा पुन्हा फीत ओढतो. आकडा केसभर चुकला तर पडद्यावरील चित्र थरथरते. झडप क्षणभर उशिरा मिटली तर ते पुसट होते. भिंग कितीही उत्तम असले तरी या मेळाशिवाय ते व्यर्थ होय. भिंगाला किंमत पडते, तर मेळ साधावयास माणसाचे आयुष्य पडते.

१९१८ साली हा कॅमेरा पूर्ण झाला. तत्पूर्वीच, १ डिसेंबर १९१७ रोजी, महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली होती. या धाडसास द्रव्यसाहाय्य देण्यास गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. कागल हे नाव ज्यांच्या आडनावात आहे अशा एका स्त्रीने भारतीय चित्रपटाच्या पायाभरणीस हातभार लावला, ही गोष्ट आपणा सर्वांस अभिमानास्पद आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेले राजर्षी शाहू महाराज यांचाही उदार आश्रय कंपनीस लाभला.

१९२० साली सैरंध्री हा चित्रपट पुण्यात प्रदर्शित झाला. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता, की तो पाहून प्रेक्षक हादरून गेले व पुढे तो प्रसंग गाळावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या धैर्याबद्दल त्यांना आपापल्या समाजाचा रोष पत्करून कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. यशाच्या वाट्यास आलेला हा दुःखाचा भाग विसरता कामा नये.

बाबूरावांचा त्याग येथेच दिसून येतो. ज्या रंगीत पडद्यांवर त्यांचे नाव झाले, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून दूर केले. भिंगाच्या डोळ्याला रंगविलेला खांब खोटा दिसतो हे त्यांनी ओळखले आणि लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभारण्यास प्रारंभ केला. आपल्याच हातची विद्या जुनी झाली असे कबूल करणे फार थोड्यांस जमते. मात्र रेषा, छायाप्रकाश आणि वेशभूषा यांची जाण त्यांनी सोडली नाही. प्रत्येक दृश्याची व वेशाची रेखाटने ते स्वतः काढीत, जाहिरातीची भित्तिचित्रेही स्वतः रंगवीत. १९२३ सालच्या सिंहगड या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. १९२५ साली आलेल्या सावकारी पाश या चित्रपटात त्यांनी पुराण आणि इतिहास बाजूस ठेवले व कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी सांगितली. त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका पुढे जगद्विख्यात झालेल्या व्ही. शांताराम यांनी केली होती.

परंतु सुखाचे दिवस स्थिर नसतात. आगीत कंपनीच्या अनेक मूळ फिती भस्मसात झाल्या. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे शिष्य बाहेर पडले व त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३१ साली बोलपट अवतरला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची अखेर झाली. बोलपटाविषयी बाबूरावांना विशेष ओढ नव्हती. शब्दांच्या गलबल्यात डोळ्यांची भाषा लोपून जाईल, अशी त्यांना भीती वाटे. ती सर्वस्वी खरी ठरली असे म्हणता येत नाही. त्यांचेच शिष्य दामले व फत्तेलाल यांनी १९३६ साली संत तुकाराम हा बोलपट करून दृश्य आणि शब्द यांचा सुंदर संगम घडविला. बाबूरावांनीही उषा, प्रतिभा यांसारखे बोलपट केले. तथापि त्यांचे मन पुन्हा कुंचल्याकडे व मातीकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील छत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा असून तो १९४५ साली बसविण्यात आला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मूकपटांचे आज फारच थोडे अवशेष उरले आहेत. कोल्हापुरात उभा असलेला कॅमेरा मानस्तंभ मात्र जाणाऱ्यायेणाऱ्यास त्यांची आठवण देत आहे.

बालमित्रहो, धन्याने दिलेले द्रव्य एका चाकराने मातीत पुरून ठेवले व दुसऱ्यांनी ते व्यवहारात घालून दुप्पट केले, हा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकला आहे. बाबूरावांनी आपली देणगी पुरून ठेवली नाही. पडद्यांचा धंदा देऊन त्यांनी चित्रपट घेतला, आणि त्यातून जे मिळाले ते शिष्यांस वाटून टाकले. शिष्य निघून गेले तेव्हा त्यांची विद्या कमी झाली नाही, ती चार घरी नांदू लागली. म्हणून आपल्या पेटीतील भिंगांचा निवाडा करताना त्यांची किंमत तेवढी पाहू नये. कोणत्या भिंगातून आपल्याला काही नवे दिसते हे पाहावे. जे केवळ कपाटाची शोभा आहे ते खुशाल दुसऱ्या गरजू विद्यार्थ्यास द्यावे. जे आपल्या हाताला काम आणि डोळ्याला दृष्टी देते, ते मात्र अपुरे, जुने वा मोडके असले तरी जपून ठेवावे. आनंदरावांच्या अपुऱ्या यंत्राचे तुकडे बाबूरावांनी असेच जपले होते.