जोडे शिवणारा पंडित : डॉ. विल्यम कॅरी

भूगोल, इतिहास, भाषा व सृष्टिज्ञान हे विषय शाळेच्या वेळापत्रकांत निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. त्यामुळें त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, असा समज विद्यार्थ्यांच्या मनांत सहज घर करतो. नकाशा परीक्षेपुरता, व्याकरण गुणांपुरतें आणि झाडांचीं नांवें पाठ करण्यापुरतीं, अशी वांटणी झाली म्हणजे ज्ञानाची गोडी नाहींशी होते. हीं सर्व अंगें ज्यांच्या एका आयुष्यांत एकत्र आलीं व लोकांच्या उपयोगीं पडलीं, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हे पुरुष म्हणजे बंगालमधील सेरामपूरचे डॉ. विल्यम कॅरी होत. हें सेरामपूर हुगळी नदीच्या कांठीं, कलकत्त्याच्या उत्तरेस आहे. आपल्या नगरकडील श्रीरामपूर तें हें नव्हे.

इंग्लंडांतील नॉर्दम्प्टन परगण्यांत पॉलर्सपरी नांवाचें खेडें आहे. तेथें ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं विल्यमचा जन्म झाला. त्याचे वडील मागावर कापड विणून पोट भरीत. पुढें त्यांना गांवच्या शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली. पांच भावंडांत विल्यम थोरला. घरीं श्रीमंती मुळींच नव्हती, परंतु पाहण्याची व शोधण्याची हौस मात्र या मुलास जन्मतःच होती. रानांतील फुलें, किडे व पांखरें गोळा करून त्यानें आपली लहानशी खोली भरून टाकली होती. त्याचा एक चुलता माळीकाम करीत असे. त्याच्या संगतींत रोपांची जोपासना कशी करावी हें तो शिकला. शेतावर काम करावें, तर उन्हानें त्याच्या कातडीस विकार होई. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापानें त्यास जवळच्या गांवीं जोडे शिवण्याचा धंदा शिकण्यासाठीं ठेविलें.

ज्या दुकानांत तो आरी चालवीत बसे, तेथें नव्या करारावरील टीकेचें एक पुस्तक होतें. त्यांत मधूनमधून ग्रीक शब्द येत. विल्यमला त्यांतील एक अक्षरहि ओळखतां येईना. दुसरा एखादा मुलगा तीं पानें ओलांडून पुढें गेला असता. विल्यमनें तीं अक्षरें जशींच्या तशीं कागदावर उतरून घेतलीं आणि आपल्या गांवच्या एका शिकलेल्या विणकऱ्याकडे जाऊन त्यांचा अर्थ विचारला. येथून त्याच्या विद्येस आरंभ झाला. पुढें लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच व डच या भाषा त्यानें पोटाचा धंदा सांभाळून शिकून घेतल्या. कोणत्याहि विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता.

इ. स. १७८१ मध्यें त्यांचा डॉरथी प्लॅकेट हिच्याशीं विवाह झाला. १७८५ मध्यें ते मोल्टन गांवीं गेले. तेथें ते मुलांना शिकवीत, बॅप्टिस्ट मंडळींत उपदेश करीत आणि तरीहि पोट भरेना म्हणून जोडे शिवीत. कॅप्टन कुक यांच्या जलप्रवासाचीं वर्णनें त्यांच्या वाचनांत आलीं व दूरदूरच्या देशांचा विचार त्यांना लागला. कागद एकास एक चिकटवून त्यांनीं जगाचा एक मोठा नकाशा हातानें काढला आणि तो भिंतीवर लाविला. कोणत्या देशांत किती लोक राहतात, त्यांचा धर्म कोणता, चालीरीति कशा, ही माहिती मिळेल तशी ते त्या नकाशावर टिपून ठेवीत. मुलांस भूगोल शिकवितां शिकवितां गुरुजींच्या मनांत मात्र त्या अपरिचित लोकांविषयीं आस्था उत्पन्न झाली. या अभ्यासाचें फळ म्हणून १७९२ मध्यें त्यांनीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. परदेशीं जाऊन शुभवर्तमान सांगणें हें ख्रिस्ती लोकांचें कर्तव्य आहे, असें त्यांत प्रतिपादन केलें होतें. त्याच वर्षीं ता. २ ऑक्टोबर रोजीं केटरिंग येथें मूठभर मंडळींनीं एक मिशनरी संस्था स्थापन केली. पहिल्या दिवशीं जमलेली वर्गणी होती अवघी १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स!

इ. स. १७९३ मध्यें कॅरीसाहेब हिंदुस्थानास निघाले. ईस्ट इंडिया कंपनीस आपल्या मुलखांत मिशनरी नको होते; म्हणून ते एका डॅनिश जहाजानें आले. पत्नी प्रथम येण्यास तयार नव्हती. ती नुकतीच बाळंत झाली होती. जहाज लांबणीवर पडलें, तेव्हां अखेरीस आपली बहीण बरोबर घेऊन ती निघाली. नोव्हेंबरांत हीं सर्व मंडळी कलकत्त्यास पोहोंचलीं. हातांतील पैसा थोड्याच दिवसांत संपला. पुढील वर्षीं माल्डाकडील मुदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर कॅरीसाहेबांना व्यवस्थापकाची जागा मिळाली. तेथें त्यांनीं बंगाली व संस्कृत भाषांचा अभ्यास केला. परंतु १७९४ मध्यें त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीनें दगावला. त्या दुःखानंतर डॉरथीबाईंच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हा सावरला नाहीं. १८०७ मध्यें त्यांचें देहावसान झालें. थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना असे प्रसंग झांकून ठेवण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. कॅरीसाहेबांच्या कार्याची किंमत त्यांच्या इतकीच, किंबहुना अधिक, या परदेशीं आणलेल्या निरक्षर बाईनें चुकती केली, हें वाचकांनीं विसरूं नये.

ता. १० जानेवारी १८०० रोजीं कॅरीसाहेब सेरामपूर येथें राहावयास गेले. तें गांव त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत असल्यामुळें तेथें कंपनीचा हुकूम चालत नसे. शाळाशिक्षक जोशुआ मार्शमन व मुद्रक विल्यम वॉर्ड हे त्यांचे सोबती झाले. तिघांनीं एकत्र कुटुंबाप्रमाणें राहावें, एका पंक्तीस जेवावें व मिळेल तें सर्व कार्यास लावावें, असें ठरलें. पुढें फोर्ट विल्यम कॉलेजांत अध्यापक म्हणून कॅरीसाहेबांना मोठा पगार मिळूं लागला, तरी तो बहुतेक सर्व या समाईक पेटींतच पडत असे.

सेरामपूरच्या छापखान्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांतील एतद्देशीय कारागिरांचीं नांवें फार थोड्यांस माहीत असतात. पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर यांनीं पोलादाचे ठसे कोरून देशी लिप्यांचे खिळे ओतले. त्यांच्या हातच्या कसबावांचून कॅरीसाहेबांची विद्वत्ता कागदावर उतरली नसती. तसेंच मृत्युंजय विद्यालंकार, रामराम बसू इत्यादि पंडित त्यांच्या शेजारीं बसून शब्दांचा कीस काढीत. १८०१ मध्यें बंगाली नवा करार छापून निघाला. कालांतरानें सुमारें चाळीस भाषांत पवित्र शास्त्राचा कांहीं ना कांहीं भाग सेरामपुराहून बाहेर पडला.

आपल्या मराठी भाषेचाहि या कार्याशीं निकटचा संबंध आहे. कॅरीसाहेबांनीं महाराष्ट्रांत कधीं पाऊल टाकलें नाहीं. परंतु फोर्ट विल्यम कॉलेजांत ते मराठीहि शिकवीत आणि तेथील वैजनाथ पंडित यांचें त्यांना साह्य असे. १८०५ मध्यें त्यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें, तें देवनागरी अक्षरांत. १८१० मध्यें मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यांतील मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले होते. सिंहासनबत्तिशी व हितोपदेश यांच्याहि मराठी प्रति सेरामपुरास छापल्या गेल्या. हीं पुस्तकें निर्दोष होतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील मराठी पुण्या-मुंबईच्या लोकांना परकी वाटली. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना नव्या कराराचें भाषांतर नव्यानें करावें लागलें. आणि १८३१ मध्यें मोल्सवर्थ यांचा थोर कोश निघाल्यावर कॅरीसाहेबांचा कोश मागें पडला. तथापि मराठी छापील ग्रंथांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या काळीं ही वाट कोणी तरी प्रथम पाडली पाहिजे होती.

या पुरुषाच्या धैर्याची खरी कसोटी ता. ११ मार्च १८१२ रोजीं लागली. त्या दिवशीं सायंकाळीं छापखान्यास आग लागली. कागदाचे ढीग, अनेक लिप्यांचे खिळे आणि कॅरीसाहेबांचीं कित्येक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळून खाक झालीं. त्यांत अनेक पौर्वात्य भाषांच्या एका मोठ्या कोशाचें हस्तलिखित होतें. तें पुन्हा कधींच तयार झालें नाहीं. कॅरीसाहेब त्या वेळीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमन यांनीं जाऊन त्यांना ही वार्ता सांगितली. परंतु राखेंतून अक्षरांचे मूळ ठसे शाबूत सांपडले आणि वितळलेली धातुहि हातीं लागली. ती पुन्हा ओतून थोड्याच आठवड्यांत खिळे तयार होऊं लागले. जळालेलीं भाषांतरें कॅरीसाहेबांनीं पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास घेतलीं. आपल्या अंगीं दुसरा कोणताहि मोठा गुण नसून, धिमेपणानें चालत राहणें तेवढें आपणांस साधतें, असें ते स्वतःविषयीं म्हणत असत. त्यांचें हें म्हणणें विनयाचें असेल. पण या प्रसंगीं तोच गुण कामास आला.

शाळांच्या बाबतींत सेरामपूरकर मंडळींचा उद्योग तितकाच मोठा होता. १८१८ पर्यंत त्यांनीं बंगाल्यांत शंभरांहून अधिक देशी शाळा चालविल्या होत्या. मुलांना वाचावयास कांहीं पाहिजे, म्हणून त्या वर्षींच्या एप्रिलांत दिग्दर्शन नांवाचें बंगाली मासिक निघालें. त्याचे संपादक मार्शमन यांचे चिरंजीव जॉन क्लार्क हे होते. अमेरिका खंडाचा शोध, हिंदुस्थानच्या सीमा व व्यापार, विमानासारखा आकाशांत उडणारा फुगा, असे विषय त्यांत सोप्या भाषेंत दिलेले असत. मे महिन्यांत समाचार दर्पण हें बंगाली वृत्तपत्रहि सुरू झालें. पुढें आपल्या बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईस १८३२ मध्यें दर्पण आणि १८४० मध्यें दिग्दर्शन हीं नियतकालिकें काढलीं, हा नांवांचा मेळ ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८१८ मध्येंच तिघां मित्रांनीं सेरामपूर कॉलेज स्थापिलें. त्याचीं दारें कोणत्याहि जातीच्या व धर्माच्या विद्यार्थ्यास खुलीं होतीं. डेन्मार्कच्या राजानें १८२७ मध्यें त्यास पदव्या देण्याची सनद दिली. तें कॉलेज अद्यापि चालू आहे.

समाजांतील क्रूर रूढि पाहून कॅरीसाहेब स्वस्थ बसले नाहींत. गंगासागर येथें मुलें पाण्यांत सोडण्याची चाल १८०२ मध्यें कायद्यानें बंद झाली, तिच्या चौकशींत त्यांचा भाग होता. सतीची चाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. केवळ हळहळून भागणार नाहीं, हें जाणून त्यांनीं कलकत्त्याच्या आसपास माणसें पाठवून सती जाणाऱ्या स्त्रियांची मोजदाद करविली. राजा राममोहन रॉय यांनीं याच प्रश्नावर लोकमत जागें केलें. शेवटीं ता. ४ डिसेंबर १८२९ रोजीं लॉर्ड बेंटिंक यांनीं सतीबंदीचा कायदा केला. त्याचा मसुदा बंगाली भाषांतरासाठीं कॅरीसाहेबांकडे आला, तो रविवारीं. एक दिवसाचा विलंब म्हणजे कदाचित् एखाद्या विधवेचा प्राण, हें ओळखून त्यांनीं त्या दिवसाचा उपदेश दुसऱ्याकडे सोंपविला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें.

या सर्व धांवपळींत बालपणची झाडांची हौस सुटली नव्हती. सेरामपूर येथें त्यांनीं सुमारें पांच एकरांची बाग केली व लिनीअस या शास्त्रज्ञाच्या पद्धतीप्रमाणें झाडांची मांडणी केली. १८२० मध्यें कृषि व उद्यानविद्येची एक संस्था कलकत्त्यास स्थापण्यांत ते पुढाकार घेऊन होते. आपले मित्र डॉ. रॉक्सबर्ग यांचे हिंदी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांनींच छापून काढले. रॉक्सबर्ग यांनीं एका वृक्षास कॅरिया आर्बोरिया असें नांव देऊन या मैत्रीची आठवण ठेविली. हा वृक्ष आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. सह्याद्रींतील लोक ज्यास कुंभा म्हणतात, तोच हा. १८२३ मध्यें नदीच्या पुरानें ही बाग उध्वस्त केली, तीहि त्यांनीं पुन्हा लाविली.

ता. ९ जून १८३४ रोजीं सेरामपूर येथें त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानांत आल्यापासून चाळीसांहून अधिक वर्षांत ते एकदांहि स्वदेशीं परत गेले नाहींत.

विद्यार्थी मित्रहो, कॅरीसाहेबांची बुद्धि असामान्य होती कीं नाहीं, याचा वाद विद्वानांनीं करावा. आम्हांस त्यांच्यापासून घ्यावयाचें तें इतकेंच, कीं न समजलेलें अक्षर टाकून न देतां त्याचा अर्थ विचारावयास जावें आणि समजलेलें ज्ञान आपल्यापाशींच दडवून न ठेवतां इतरांस वांटावें. आणि ज्या पालकांच्या घरीं एखादें मूल पुस्तकाखेरीज पानें, फुलें व किडे गोळा करून कोनाडे भरीत असेल, त्यांना आमची एवढीच विनंति आहे, कीं तो पसारा रागानें बाहेर फेकून देण्यापूर्वीं क्षणभर थांबून त्याकडे एकदां नीट पाहावें.